नावाचे देणे

‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ ही म्हण आपण दुसऱ्याची फजिती सांगताना सहज वापरतो. पण त्या सोनूबाईचा यात काय दोष, असे कोणी विचारत नाही. तिने स्वतःचे नाव स्वतः ठेवले नव्हते. सोन्याचे नाव देणारे आणि हाती कथील घालणारे हात तिच्याच घरातले होते. नाव ठेवणारा हा ज्याला नाव ठेवले त्याचे काही देणे लागतो का, असा प्रश्न त्या म्हणीत दडलेला आहे. वरवर पाहता प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु माणसाची नीती पुष्कळदा अशा किरकोळ प्रश्नांतच पारखली जाते.

हा प्रश्न अलीकडे माझ्यापुढे आला तो एका कुत्र्याच्या निमित्ताने. सुरतेच्या उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. ताप्ती लाईनने आलेल्या आणि यंत्रमागावर संसार उभा केलेल्या अशाच एका घरातला माझा माजी विद्यार्थी आता चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहतो. त्याने लातूरकडून कारवान जातीचे मादी पिल्लू आणले आणि नावांची यादी घेऊन तो माझ्याकडे आला. म्हणाला, ‘सर, वाळवंटातल्या कुत्र्यांच्या वंशातली आहे. नाव निसर्गातलंच हवं. तुम्ही सांगाल ते ठेवतो.’ यादीत वादळ, वाळू, वारा, तारा, सहारा, हरिणी अशी नावे होती.

कारवान म्हणजे काफिला. मध्य आशिया आणि अरबस्तानातून दख्खनेत उतरलेल्या काफिल्यांबरोबर या कुत्र्यांचे पूर्वज आले, असे मानले जाते. अरबांचा सालुकी हा त्यांचा भाऊबंद. निमुळते तोंड, खोल छाती, आत गेलेले पोट आणि लांब पाय अशी यांची ठेवण. हे कुत्रे वासापेक्षा नजरेवर शिकार करतात. लांबवर हलणारा जीव दिसला की सुटतात. सालुकी ताशी ६० किलोमीटरांहून अधिक वेगाने पळू शकतो. बेदुईन अरब इतर कुत्र्यांना तंबूबाहेर ठेवत, सालुकीला मात्र आत जागा देत. आपल्याकडे याच जातीला सीमेच्या अलीकडे कारवान म्हणतात, तर पलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळ. मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी तिला आश्रय दिला, म्हणून ते नाव. श्वानपालकांच्या दोन राष्ट्रीय संस्थांनीही ही दोन वेगवेगळी नावे स्वीकारली आहेत. ९ जानेवारी २००५ रोजी टपाल खात्याने तिकीट काढले ते मुधोळ या नावाने. आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या लोकांना यात नवल वाटू नये. सीमेवर माणसांना दोन नावे असतात, तशी कुत्र्यांनाही असतात.

निसर्गावरून कुत्र्याला नाव देण्याची चाल फार जुनी आहे. ऋग्वेदातली इंद्राची कुत्री सरमा. तिच्या नावात ‘सृ’ म्हणजे सरणे, धावणे हा धातू दिसतो. यमाच्या दोन सारमेयांपैकी एक श्याम, दुसरा शबल, म्हणजे एक काळा आणि एक ठिपक्यांचा. ग्रीक महाकाव्यात वीस वर्षांनी परतलेल्या धन्याला ओळखून प्राण सोडणारा आर्गोस आहे. त्याच्या नावात चपळाई आणि झळाळी दोन्ही आहेत. झेनोफोन या ग्रीक लेखकाने शिकारी कुत्र्यांसाठी आखूड नावांची लांबलचक यादीच दिली आहे. तीत आकाश आहे, सूर्यकिरण आहे. हाक मारायला सोपे जावे म्हणून नाव आखूड हवे, हे त्याचे कारण कोणत्याही शिक्षकाला पटेल.

मी यादी वाचू लागलो तेव्हा पहिली अडचण आली ती भाषेची. ‘वाळू’ म्हणून जिन्यातून हाक मारली तर शेजारच्या गुजराती बेनला वाटेल, वाळूला म्हणजे रात्रीच्या जेवणाला बोलावताहेत. ‘तारा’ म्हटले तर आपल्याला चांदणी दिसते, तिच्या कानावर ‘तुझे’ असा अर्थही पडतो. मी एक नाव सुचवून पाहिले, ‘रण’. मराठी माणसाला त्यात लढाई ऐकू येते, गुजराती माणसाला कच्छचे वाळवंटही दिसते. ‘वारा’ हे आपले वाहते वारे, पण गुजरातीत वारो म्हणजे पाळी. दोन भाषांत राहणाऱ्याने नाव ठेवताना दोन्ही कानांनी ऐकावे.

खरी अडचण मात्र पुढेच होती. मी त्याला विचारले, ‘अरे, हिला धावायला कुठे नेणार?’ तो म्हणाला, ‘सर, बाल्कनी मोठी आहे.’ आता बाल्कनीत साखळीला बांधलेल्या जिवाला ‘वादळ’ म्हणणे हा सोनूबाईचाच प्रकार नव्हे काय? ‘हरिणी’ची गोष्ट तर आणखी विचार करण्यासारखी. हरणामागे धावण्यासाठी ज्यांचे पूर्वज पाळले, त्यांना हरणाचेच नाव. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर काळवीटाच्या शिकारीला मुभा राहिली नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु शिकार गेली तरी पाय उरले. त्या पायांचे काय करायचे, हे आता पाळणाऱ्यालाच ठरवावे लागते.

कोणी म्हणेल, मास्तर, एवढा काथ्याकूट कशाला? कुत्र्याला अर्थ कळत नाही, नाद कळतो. वादळ म्हणा की दगड म्हणा, त्याला सारखेच. हा आक्षेप खोटा नाही. शिवाय आपल्या परंपरेतली कुत्र्यांची सर्वांत मोठी उदाहरणे बिननावाचीच आहेत. युधिष्ठिरामागून स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेल्या कुत्र्याचे नाव महाभारत सांगत नाही, पण त्याला सोडून स्वर्गात जायला धर्मराज तयार झाला नाही. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले. त्या कुत्र्यालाही नाव नाही. नामदेवांना त्याच्यात विठ्ठल दिसला, एवढेच पुरे झाले.

म्हणजे नावावाचून कर्तव्य अडत नाही. मग नाव ठेवायचेच कशाला? माझे उत्तर असे, की आपण सारे नामदेव नाही. आपल्याला आठवण लागते. कुत्र्याला अर्थ कळत नसेल, पण हाक मारणाऱ्याला तो कळतो आणि दिवसातून वीस वेळा त्याच्या स्वतःच्याच कानी पडतो. जो ‘वारा’ म्हणतो त्याला मोकळ्या मैदानाची आठवण होणे भाग आहे. झाली नाही, तर ते नाव शोभेचे राहते आणि हळूहळू बोलणाऱ्यालाच खोटे बोलण्याची सवय लावते. म्हणून निसर्गाचे नाव म्हणजे बक्षीस समजू नये. ते कबुलीपत्र आहे. ज्याचे नाव दिले, त्यातला निदान चिमूटभर वाटा त्या जिवाला मिळवून देण्याची ती कबुली असते.

मी त्याला एवढेच सांगितले की पहाटे पाचला उठून जो हिला मैदानावर नेईल, त्याने नाव ठेवावे. दोघा भावांनी एक दिवसाआड जायचे ठरवले आणि नाव ठेवले ‘वारा’. आता रोज सकाळी त्यांच्या घरात त्या शब्दाचा गुजराती अर्थही कामाला येतो.

हीच कसोटी मी माणसांनाही लावतो. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये मी वर्षानुवर्षे आकाश, सागर, सरिता, पवन, वर्षा ही नावे लिहीत आलो. यातली कितीतरी मुले दहा बाय दहाच्या खोलीत, मागांच्या खडखडाटात वाढली. आईबापांनी त्यांना आकाश दिले ते नावापुरते. अधिक देण्याची त्यांची ऐपत नव्हती, त्यांना दोष कोण देईल? पण ज्यांची ऐपत झाली आहे, त्यांच्या घरातल्या मुलांना मैदान कुठे आहे? सरिता म्हणजे काय, असे विचारल्यावर जी सरिता गप्प बसते, तिला आपण मराठी नाव दिले आणि त्याचा अर्थ सांगायचा राहिलाच. तापी सातपुड्यात उगम पावून खानदेशातून आपल्यामागोमाग सुरतेपर्यंत आली. एकदा तरी तिच्या काठावर मुलीला नेऊन, बाळ, ही बघ सरिता, असे सांगायला पैसे पडत नाहीत.

‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत आपल्या भाषेने एका मात्रेचेच अंतर ठेवले आहे. पहिले काम करून जो त्याचे देणे विसरतो, त्याच्यावर दुसऱ्याची पाळी येते. मुलाला असो की मुक्या जनावराला, नाव जरूर मोठे ठेवावे. फक्त बारशाच्या आदल्या रात्री आपल्या पदरात काय आहे, ते मोजून पाहावे.