मुदतीची बाटली

बँकेच्या काउंटरवर बावीस वर्षं काढलेला माणूस कुठलीही वस्तू बघून मनात दोनच प्रश्न विचारतो: मुदत किती आणि व्याज काय? मी देवळात हात जोडले तरी पुण्यसंचय मला चक्रवाढ पद्धतीनेच दिसतो. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात इटलीतल्या एका तळघरात उभं राहून आम्ही बारोलो नावाच्या लाल वाइनची माहिती ऐकली, तेव्हा आमच्या तिघांत ती खऱ्या अर्थानं कुणाला कळली असेल तर ती मला. बाकीच्या दोघांना ती दारू वाटली. मी बघताक्षणी ओळखलं, ही मुदतठेव आहे!

आता तुम्ही म्हणाल, डोंबिवलीचा बँक क्लार्क इटलीत कसा पोचला? पगारावर नाही, हे शपथेवर सांगतो. माझा भाचा तोरीनो शहरात शिकायला गेला, तिथेच नोकरीला चिकटला आणि ‘मामा, मामी, एकदा याच’ असं तीन वर्षं म्हणत राहिला. आपण ‘येऊ येऊ’ म्हणतो ते बहुधा न येण्यासाठीच. पण नव्या पिढीला हा संकेत ठाऊक नसल्यामुळे त्यानं तिकिटंच पाठवली.

तोरीनोहून तासा-सव्वा तासाच्या अंतरावर लांगे नावाच्या टेकड्या आहेत. टेकडीच्या उतारावर द्राक्षांच्या रांगा, माथ्यावर गाव, गावात चर्चचा मनोरा. २०१४ साली युनेस्कोनं या मुलखाला जागतिक वारशाच्या यादीत घातलं. आम्ही गेलो त्या सकाळी मात्र वारसा धुक्यात होता. भाचा म्हणाला, “मामा, धुक्याला इथे नेब्ब्या म्हणतात. द्राक्षाचं नाव नेब्ब्योलो. ते उशिरा पिकतं, धुकं पडायला लागतं तेव्हा.” उशिरा पिकणाऱ्यांविषयी मला आधीपासूनच जिव्हाळा आहे. बी.कॉम.ला मला पाच वर्षं लागली.

एका छोट्या घरगुती मद्यशाळेत त्यानं आम्हाला नेलं. मालक ऐंशीचे आजोबा, अंगात स्वेटर, हातात काठी. ते इटालियनमध्ये बोलायचे, भाचा मराठीत सांगायचा आणि मी बँकेच्या भाषेत समजून घ्यायचो. बारोलो या नावानं ही वाइन विकायची तर द्राक्षं त्या भागातल्या अकरा गावांच्या हद्दीतलीच हवीत. सुगीनंतरच्या १ नोव्हेंबरपासून किमान ३८ महिने ती मुरली पाहिजे, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. ‘रिझर्वा’ हवी असेल तर ६२ महिने. हे सगळं कायद्यात लिहिलेलं आहे. आणि एवढी मुदत संपली की आजोबा गिऱ्हाइकाला बाटली देताना सांगतात, आता घरी नेऊन आणखी दहा वर्षं ठेवा. मला तर आमच्या हेड ऑफिसचं परिपत्रक वाचतोय असंच वाटलं.

मग चव. आजोबांनी आधी पिंपातून काढलेली कोवळी वाइन दिली. रंग इतका पातळ, की ही पाण्यात मिसळली की काय अशी शंका यावी. म्हटलं, सोपी दिसतेय. घोट घेतला आणि तोंडातलं सगळं पाणी कुणीतरी टीपकागदानं टिपून घेतलं! जीभ टाळूला, गाल दातांना. कच्चं जांभूळ, कच्चं केळं आणि हिरडा एकत्र चावल्यासारखं झालं. आजोबांनी विचारलं, कशी आहे? मी म्हटलं, “तुरट.” भाच्यानं बराच वेळ हातवारे करून ते इटालियनमध्ये पोचवलं. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असतं, ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतं, म्हणून तोंड कोरडं पडतं, असं आजोबांचं उत्तर परत आलं. नेब्ब्योलोत हे टॅनिन सावकाराच्या व्याजासारखं असतं, भरपूर. वर्षं जातात तसं ते आपसांत आणि रंगाशी जुळत जातं, जड होतं आणि गाळ होऊन बाटलीच्या तळाशी बसतं. तुरटपणा खाली बसला की वर उरतं ते पिण्यासारखं.

दुसरा पेला मात्र आमच्या नशिबाचा होता. आदल्या दिवशी आजोबांच्या नातवाचा वाढदिवस झाला होता. नातू १९९६ सालचा, म्हणून १९९६ ची बाटली उघडली होती आणि तिच्यात दोन बोटं वाइन उरली होती. रंग माणकासारखा नव्हता, जुन्या विटेसारखा होता. आमची सौ. पीत नाही, पण वास घ्यायला कुठल्या शास्त्राची बंदी आहे? तिनं पेला नाकाशी धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, “अहो, वरातीचा वास येतोय.”

“काय?”

“मे महिन्यातली वरात. डांबर वितळलंय आणि त्यावर हारातले गुलाब पडलेत.”

भाचा तिच्याकडे बघतच राहिला. कारण या वाइनची जाणकार मंडळी तिचं वर्णन पिढ्यान्‌पिढ्या याच दोन शब्दांत करत आलीत: डांबर आणि गुलाब. पुस्तकं वाचून कमावलेलं त्यांचं ज्ञान, आमच्या हिला एका नाकपुडीत. मी घोट घेतला. तुरटपणा होता, पण आता तो दारात उभा नव्हता, माजघरात जाऊन बसला होता. एवढं चांगलं काही मी यापूर्वी प्यायलो नव्हतो. (यापूर्वी प्यायलेल्यांत मुख्यतः सहकाऱ्यांच्या निरोपसमारंभातलं सरबत येतं, हेही खरं.)

“ही तुम्ही ठेवली होतीत?” मी आजोबांना विचारलं.

“माझ्या वडिलांनी. पणतवासाठी. ते २००१ साली गेले.”

तो घोट घशाखाली उतरता उतरता अडकला. म्हणजे ठेव ठेवणारा एक, आणि मुदत भरल्यावर पैसे उचलणारा डोंबिवलीचा तिसराच कुणीतरी, ज्याचं नाव नॉमिनीच्या रकान्यातसुद्धा नव्हतं!

तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय. आपण चांगली वस्तू ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ठेवतो. हा संयम झाला की कंजूषपणा? आमच्या आईनं काचेचा सेट पाहुण्यांसाठी ठेवला, पाहुणे येईनासे झाले आणि सेट अजून कपाटात आहे. त्याला आम्ही संस्कार म्हणतो. पण काचेचा सेट आणि ही वाइन यांत एक फरक आहे. सेट होता तसाच राहतो. वाइन दर वर्षी दुसरीच होते, आणि ठेवणाराही. सत्तेचाळिसाव्या वर्षी दहा वर्षांची बाटली ठेवणारा मी आणि सत्तावन्नाव्या वर्षी ती उघडणारा मी, हे दोघे एकच गृहस्थ, असं धरून आपण चालतो. त्या सत्तावन्नच्या माणसाला नाक असेल का? डॉक्टर त्याला पिऊ देतील का? त्या अनोळखी माणसासाठी मी आज माझ्या तोंडचा घोट काढून ठेवायचा आणि त्याला ‘माझी बचत’ म्हणायचं! आणि तरीही, कुणी ठेवलंच नसतं तर तो विटकरी घोट जगात निर्माणच झाला नसता. मी त्या पणजोबांना कुठल्या तोंडानं कंजूष म्हणू? त्याच तोंडानं तर प्यायलो होतो.

हा वाद एकट्या माझा नाही, तिथे तो घराघरांत झाला. पूर्वीपासून ही वाइन हजारो लिटरच्या अवाढव्य जुन्या पिंपांत वर्षानुवर्षं मुरवायचे. १९८० च्या सुमाराला काही तरुणांनी २२५ लिटरची छोटी फ्रेंच पिंपं आणली. त्यांत तुरटपणा लवकर मवाळ होतो, म्हणजे माल लवकर विकता येतो, लवकर पिता येतो. या छोट्या पिंपाचं नाव काय असावं? बारीक! शब्द फ्रेंच आहे, पण इतका चपखल मराठी शब्द आमच्या बँकेच्या राजभाषा विभागालाही सुचला नसता. ला मोर्रा गावच्या एलिओ आल्तारे या तरुणानं १९८३ साली बापाची मोठी पिंपं चक्क यांत्रिक करवतीनं कापली. बापानं त्याला वारसाहक्कातून काढून टाकलं. उलट बाजूला बारोलो गावचे बार्तोलो मास्कारेल्लो. ‘बारीक नको, बेर्लुस्कोनी नको’ असं त्यांनी आपल्या बाटलीच्या लेबलावरच लिहिलं. आता बोला! एकाच घोषणेत पिंपाचा आणि पंतप्रधानाचा निषेध. मला दोन्ही पक्ष पटतात, आणि म्हणूनच मी क्लार्क राहिलो.

निघताना मी २०१९ सालची एक बाटली घेतली. पंचेचाळीस युरो. रुपयांत गुणाकार सौ.समोर केला नाही. आजोबांनी सूचना दिल्या: अंधारात, आडवी, हलू न देता, बारा ते चौदा अंशांत ठेवा. आमच्या घरामागून कल्याण लोकल जाते तेव्हा देव्हाऱ्यातली घंटा आपोआप वाजते. आणि बारा ते चौदा अंश ही काय भानगड असते ते डोंबिवलीनं कधी पाहिलेलं नाही. मे महिन्यात माळ्यावर ठेवली असती तर मुरण्याऐवजी शिजली असती. शेवटी फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात मेथीशेजारी तिची सोय लागली. शिवाय आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला परवाना लागतो, तो एक दिवसाचाही मिळतो. दहा वर्षांची वाइन आणि एक दिवसाचा परवाना!

बाटली तशीच दहा वर्षं राहिलीही असती. पण मध्ये एक गोष्ट घडली, ती लिहावी की नाही याचा मी बराच विचार केला.

एक निवृत्त गुरुजी माझ्या काउंटरवर आले. दहा वर्षांच्या ठेवीची मुदत भरली होती. वय ब्याऐंशी. पावतीवर सही केली, ती नमुना सहीशी जुळेना. नमुन्यातली सही ठसठशीत, फळ्यावर लिहिल्यासारखी. आताची मुंगी चालत गेल्यासारखी. मी म्हटलं, “गुरुजी, सही जुळत नाही.” ते म्हणाले, “साहेब, तेव्हा हात निराळा होता.” मी त्यांना घरी सराव करून या म्हणालो. शाळामास्तराला! आठ दिवसांनी आले, पुन्हा जुळली नाही. नियमात वाट होती. अंगठा चालतो, दोन साक्षीदार चालतात. पण त्यासाठी आत जाऊन फॉर्म शोधायला लागतो, साहेबांना उठवायला लागतं आणि जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. “सोमवारी या, बघू,” म्हटलं.

सोमवारी आले नाहीत. दीड महिन्यानं त्यांची मुलगी आली, नॉमिनी म्हणून, दाखला घेऊन. तिची कागदपत्रं पहिल्या फटक्यात जुळली. जाताना ती म्हणाली, “बाबांना कन्याकुमारी बघायची होती. आई असताना ठरलं होतं.” माझ्यावर तिचा राग नव्हता. तिला ठाऊकच नव्हतं, दोनदा परत पाठवणारा तो मीच म्हणून. मी सांगितलंही नाही.

त्या संध्याकाळी येताना मी एक दिवसाचा परवाना काढला. बूच काढायचा स्क्रू, ज्यांच्याविषयी कधी संशय आला नव्हता अशा शेजाऱ्यांकडे निघाला. बाटली उघडून वाइन स्टीलच्या दुधाच्या जगमध्ये ओतली, हवा लागावी म्हणून. सौ.नं विचारलं, “दहा वर्षं झाली?”

“मुदतपूर्व मोडली.”

“मग दंड बसेल.”

बसला. पहिला घोट म्हणजे निव्वळ हिरडा. तिनं काही न बोलता चीजचे तुकडे पुढे केले. चीजमधली प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. लिंबाच्या फोडीवर मीठ द्यावं तसं तिनं ते केलं. थोडा तुरटपणा हटला. मग मी गुरुजींची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगितली, फॉर्म आणि जेवणाच्या सुट्टीसकट. ती काही बोलली नाही. मध्ये दोन लोकल गेल्या, दोनदा घंटा वाजली. दोन तास तरी गेले असतील. मग तिनं औषधाचा चमचा आणला, जगमधून चमचाभर वाइन घेतली, आधी वास घेतला, मग जिभेवर ठेवली.

“आली का वरात?” मी विचारलं.

“आलीय,” ती म्हणाली, “पण अजून कोपऱ्यावरच आहे.”