उशिरा येणाऱ्यांसाठी एक स्तोत्र

प्रार्थनेचा नित्यनेम धरायचा म्हटलं की माणूस आधी स्वतःच्या उत्साहावर भिस्त ठेवतो. पहाटे उठू, शास्त्रपाठ वाचू, तासभर शांत बसू. उपवासकाळाच्या पहिल्या आठवड्यात हे जमतंही. मग एखादा दिवस चुकतो, आणि चुकल्याची टोचणीच अशी लागते की प्रार्थनेकडे फिरकावंसं वाटत नाही. संत बेनेडिक्टचा ‘नियम’ वाचताना जाणवतं, की या माणसाने नित्यनेम आखला तो आळशाला समोर ठेवून.

इटलीतल्या माँते कसिनोच्या मठासाठी इ. स. ५३०च्या सुमारास लिहिलेलं हे लहानसं पुस्तक. दिवसा सात वेळा उपासना, शिवाय एक उत्तररात्रीची. आठवडाभरात १५० स्तोत्रं म्हणून पुरी व्हायला हवीत. वाचूनच छाती दडपते. (पूर्वीचे साधू एवढं सगळं एका दिवसात म्हणत, असा चिमटा बेनेडिक्ट वर काढतोच.) पण तपशिलात शिरलं की वेगळाच माणूस भेटतो. घंटा होताच उठता यावं म्हणून साधूंनी अंगावरच्या कपड्यांतच, कमरेचा पट्टा न सोडता झोपावं. सुरी मात्र कमरेला नको, झोपेत लागेल. उठताना एकमेकांना हळूच हाक द्यावी, कारण झोपाळूंना सबबी सुचतात. उत्तररात्रीच्या उपासनेतलं सुरुवातीचं एक स्तोत्र, मराठी बायबलातलं ९५वं, मुद्दाम संथ म्हणावं. तेवढ्यात मागे रेंगाळलेले येऊन पोचतील. त्यातूनही कुणी उशिरा आलाच, तर त्याला दाराबाहेर ठेवू नये. बाहेर ठेवला तर तो पुन्हा अंथरुणात शिरेल, नाहीतर गप्पा छाटत बसेल. त्याला आत घ्यावं, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी उभं करावं.

काकड आरतीला डोळे चोळत जाऊन उभं राहिलेल्या कुणालाही यातलं मर्म सांगावं लागणार नाही. मन तयार झाल्यावर देह हलेल म्हणून थांबलं, तर बहुतेक सकाळी काहीच हलत नाही. बेनेडिक्ट आधी देह आणून उभा करतो. मनाची वाट पाहायला त्याच्याकडे स्तोत्रं भरपूर आहेत.

आणि मन येतंच असंही नाही. सोळाव्या शतकातली स्पॅनिश जोगीण, आविलाची तेरेसा, हिने आत्मचरित्रात कबूल केलंय, की काही वर्षं प्रार्थनेच्या वेळी तिचं लक्ष देवापेक्षा घड्याळाच्या टोल्याकडेच जास्त असे. तास कधी एकदा सरतो असं होई. याच बाईला १९७० साली पोप सहावे पॉल यांनी चर्चच्या आचार्यांत स्थान दिलं, आणि तेही प्रार्थनेवरच्या तिच्या लिखाणाचा मान म्हणून. १५६२पासून तिने स्वतः मठ काढले, तेव्हा रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास मौन प्रार्थनेचा दंडक घातला. कंटाळ्याचा एवढा अनुभव गाठीशी असून तिने तास कमी केला नाही, हे मला तिच्या दिव्य दर्शनांपेक्षा जास्त विश्वासार्ह वाटतं.

मन नसताना नेमाने म्हटलेली प्रार्थना मग पोपटपंचीच नाही का? आक्षेप खुद्द येशूचा आहे. मत्तयच्या सहाव्या अध्यायात तो निरर्थक बडबडीची खोड सोडायला सांगतो. पण दोनच वचनांनंतर तोच शिष्यांना ठरावीक शब्दांची प्रार्थना देतो, आणि ‘दिदाखे’ ही आरंभीच्या मंडळीची पोथी ती दिवसातून तीनदा म्हणायला सांगते. त्या प्रार्थनेतली भाकरही फक्त आजची मागितलेली. उद्यासाठी उद्या पुन्हा हात पसरायचा. नित्यनेम त्या मागणीतच आहे.

वसईकडच्या ख्रिस्ती घरांतली संध्याकाळची जपमाळही अशीच. एकाने प्रार्थनेचा पहिला भाग म्हणायचा, बाकीच्यांनी उरलेला. एखादं पोर पेंगलं तरी बाकीचे त्याचा भाग ओढून नेतात. एकट्याने खोलीत बसून नेम धरणाऱ्याला हा आधार नसतो, म्हणून त्याने वेळ आणि जागा तरी घट्ट धरावी, आणि प्रार्थना आटोपशीर ठेवावी. प्रार्थना थोडक्यात असावी, हेही बेनेडिक्टचंच म्हणणं.

कामासाठी लांब गेलेल्या साधूने वेळ होताच असेल तिथेच गुडघे टेकावेत, असं ‘नियमा’चं ५०वं प्रकरण सांगतं. सकाळच्या विरार लोकलमध्ये गुडघे टेकायला जागा कुठली! पण दहा मण्यांची अंगठी बोटातल्या बोटात फिरवता येते, आणि वसईला चढलेल्याची अख्खी माळ बोरिवलीच्या आसपास पुरी होते.