मिस डूलिटल म्हणणारा माणूस

विरार स्टेशनच्या बाहेर सकाळी फुलवाल्या बसतात. मोगरा, सोनचाफा, जास्वंद, तगर, पूजेच्या पुड्या. यातली बरीच फुलं आपल्याच तालुक्यातली, आगाशी-अर्नाळ्याकडच्या वाड्यांतली. काही माल तर पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातो, तेव्हा आपल्यातले बरेचजण कूस बदलून झोपलेले असतात. गिऱ्हाईक घाईत असतं. डोळे घड्याळावर, एक हात खिशात. ‘ए, चाफा कसा दिलास?’ यात राग नसतो, वाईट भाव तर मुळीच नसतो. तोच माणूस दोन मिनिटांनी डब्यात शिरतो आणि बाकावरच्या अनोळखी गृहस्थाला म्हणतो, ‘साहेब, जरा सरकून घेता का?’ चौथी सीट हवी असते ना! पण ते सोडा. माणूस तोच, घाईही तीच. मग दोन मिनिटांत असं काय बदललं?

एका फुलवालीची गोष्ट आपण सगळे ओळखतो. पु. ल. देशपांड्यांनी ती ‘ती फुलराणी’ म्हणून मराठीत आणली. 1975 साली ती रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वेंची मंजुळा घराघरांत पोचली. मूळ नाटक बर्नार्ड शॉचं, ‘पिग्मॅलियन’. त्यावर 1938 मध्ये इंग्लंडमध्ये त्याच नावाचा सिनेमा निघाला. वेंडी हिलर त्यात फुलवाली एलायझा डूलिटल झाली आणि लेस्ली हॉवर्ड तिला शिकवणारा प्रोफेसर हिगिन्स. पटकथेसाठी शॉला ऑस्करही मिळालं. जुना, काळा-पांढरा सिनेमा, पण आजही खदखदून हसवतो. विशेषतः तो चहापानाचा प्रसंग. एलायझाचे उच्चार अगदी घासूनपुसून स्वच्छ झालेले, आणि त्या स्वच्छ उच्चारांत ती आपल्या मावशीच्या संशयास्पद मरणाची हकिगत सांगते. बैठकीतल्या बायका थक्क! कुणाची भीड न धरणारी ही पोरगी. हिगिन्सची पैज काय, तर बाजारात फुलं विकणारीला काही महिन्यांत सरदारघराण्यातली बाई म्हणून मिरवून दाखवायचं. पैज जिंकली जाते. मेजवानीत भाषेचा एक पंडित तर तिला हंगेरीची राजकन्याच ठरवून मोकळा होतो.

ही गोष्ट बघताना आपलं लक्ष उच्चारांवरच जातं. साहजिक आहे. आपल्या इथेही एका डब्यात वाडवळी, कुपारी, आगरी, मालवणी अशा कितीतरी बोली ऐकू येतात, आणि ऑफिस आलं की बहुतेकजण आपली बोली जेवणाच्या डब्याबरोबर पिशवीत ठेवून देतात. पण एलायझाला विचारलं, की तू नक्की कशामुळे बदललीस, तर ती उच्चारांचं नाव घेत नाही. हिगिन्सचंही घेत नाही. ती कर्नल पिकरिंगचे आभार मानते. हा पिकरिंग हिगिन्सचा मित्र. त्याने तिला शिकवलं काहीच नाही. फक्त ती पहिल्या दिवशी हिगिन्सच्या घरी आली, तेव्हा त्याने तिला ‘मिस डूलिटल’ म्हटलं. अंगावर मळके कपडे, बोलणं रांगडं, तरी मिस डूलिटल. ती आली की तो उठून उभा राहायचा. टोपी काढायचा. तिच्यासाठी दार उघडून धरायचा. त्याच्या हे लक्षातसुद्धा आलं नव्हतं, कारण तो सगळ्यांशीच तसा वागे. एलायझाचं म्हणणं असं, की माझी मला किंमत कळायला सुरुवात झाली ती तिथून. धडे नंतर आले. हिगिन्सचा यावरचा बचाव मोठा गमतीचा आहे. तो म्हणतो, मी काय फक्त हिच्याशी तसा वागतो का? मी तर सरदारणीशीही असाच वागतो! म्हणजे सगळ्यांना सारखाच फटकळ. आपल्या ओळखीतही असा एखादा असतोच. ‘माझा स्वभावच तसा, मी कुणालाच अहो-जाहो करत नाही.’ यात खोटं काही नसेल. पण त्याला जरा विचारून बघावं, साहेबांच्या केबिनमध्येही हाच स्वभाव नेतोस का? बहुतेक नाहीच नेत. मला तरी अजून खराखुरा हिगिन्स भेटलेला नाही. भेटतात ते अर्धे हिगिन्स, अर्धे पिकरिंग. माणूस बघून टोपी काढणारे.

आणि पिकरिंगची बाजू सोपी आहे म्हणून सांगावीशी वाटते. तिला वेळ लागत नाही. ‘मावशी, चाफा कसा दिला?’ हे वाक्य ‘ए, चाफा कसा दिलास?’पेक्षा फार तर एका अक्षराने मोठं आहे. गाडी चुकत नाही. रोज एकाच बाईकडून गजरा घेत असाल तर तिचं नाव विचारता येतं. सोसायटीच्या वॉचमनला ‘वॉचमन’ न म्हणता त्याच्या नावाने हाक मारता येते. जीवदानीच्या पायऱ्या चढताना आपण खालच्या दुकानातून ओटी घेतो, तेव्हा पैसे समोर टाकण्याऐवजी हातात देता येतात. लेडीज डब्यात तर हे बायकांना चांगलं जमतं. कानातली विकणारी मुलगी आली की तिला दोन बोटं जागा करून देतात, परीक्षा कधी गं, असं विचारतात. घेतात काही, कधी घेतही नाहीत, पण ती मुलगी त्या डब्यात थोडी ताठ चालते. एक गोष्ट मात्र पिकरिंगच्या बाजूनेही लपवण्यासारखी नाही. मेजवानीची ती रात्र. पैज जिंकून सगळे घरी येतात. दमलेले. हिगिन्स आणि पिकरिंग एकमेकांना शाबासकी देतात, बरं झालं एकदाचं संपलं म्हणतात, आणि झोपायला निघतात. खोलीत एलायझा बसलेली आहे, संध्याकाळभर सगळा भार तिनेच उचललेला, आणि तिला कुणी एक शब्द विचारत नाही. पिकरिंगसुद्धा नाही. सकाळी टोपी काढणारा माणूस रात्री थकल्यावर विसरला. त्यानंतर ती हिगिन्सच्या अंगावर सपाता भिरकावते, ते उगाच नाही. आपलीही रात्रीची वेळ तशीच असते. विरार फास्टमधून चेंगरून उतरायचं, रिक्षाच्या रांगेत उभं राहायचं, घरात शिरायचं आणि पहिला प्रश्न विचारायचा, ‘जेवायला काय आहे?’ स्वयंपाकघरात जी कोणी उभी असते, तिचाही दिवस तेवढाच मोठा गेलेला असतो. बऱ्याचदा तीही आधीच्याच गाडीने आलेली असते. तेव्हा बूट काढता काढता आधी ‘तुझा दिवस कसा गेला?’ असं विचारून बघा. जेवायला काय आहे, ते त्यानंतर पाच मिनिटांनी कळलं तरी चालतं.