हिऱ्याचा दाखला आणि दुकानदाराचे शील

"आमच्या हिऱ्यांना दाखला आहे," असे जवाहिऱ्या सांगतो. तेवढ्याने त्याचे कर्तव्य संपते काय?

सिएरा लिओनमध्ये १९९१ ते २००२ यादवी युद्ध चालले. बंडखोरांनी हिऱ्यांच्या खाणी बळकावल्या, हिरे विकून शस्त्रे घेतली आणि निरपराध माणसांचे हात तोडले. जगाने धिक्कार केला, तेव्हा २००३ मध्ये 'किंबर्ली प्रक्रिया' ही दाखल्याची योजना सुरू झाली. परंतु तिची व्याख्या पाहा: बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरविणारा कच्चा हिरा तेवढाच निषिद्ध! २००८ मध्ये झिंबाब्वेत मारांगे येथे सरकारी सैन्यानेच हिरे खणणाऱ्या गरिबांना गोळ्या घातल्या. ते हिरे या व्याख्येत बसले नाहीत. काही काळ थांबविलेली त्यांची निर्यात २०११ मध्ये खुली झाली. मारणारा बंडखोर नसून सरकारी शिपाई होता, म्हणून हत्या ही हत्या राहत नाही काय?

शिवाय दाखला कच्च्या हिऱ्यांच्या खेपेला मिळतो, पैलू पाडलेल्या एकेका खड्याला नव्हे. म्हणून दुकानदारानेच विचारले पाहिजे: हा हिरा कोणत्या खाणीतला? खणणाऱ्याच्या पदरी काय पडले? उत्तर मिळत नसेल, तर माल परत करावा. गिऱ्हाईक विचारणार नाही हे ठाऊक असूनही जो विचारतो, तोच शीलवान व्यापारी होय.