सूर धरणारा

श्रोते मंडळी, सनई-चौघडा झडतो तेव्हा आपले ध्यान असते मुख्य सनईवाल्याच्या बोटांवर. त्याच्या शेजारी आणखी एक गडी बसलेला असतो. त्याच्या हाती सनईसारखेच वाद्य, पण निघतो एकच सूर. तान नाही, मुरकी नाही, कोणाची 'वाहवा' नाही. काम एवढेच, की सूर तुटू द्यायचा नाही. लोक म्हणतात, "काय छाती असेल!" छाती आपल्यासारखीच हो.

पाठशाळेत असताना आम्ही एका देवळाच्या नगारखान्यात ही विद्या शिकायला जात असू. तिथल्या गुरवकाकांनी सनईला हात लावू दिला नाही. आधी पाण्याची गुळणी. ओठांतून बारीक धार सोडत राहायची आणि त्याच वेळी नाकाने श्वास घ्यायचा. करून पाहा, ठसकाच लागतो! मग गव्हाच्या काडाची नळी तांब्यातल्या पाण्यात बुडवून फुंकायची. बुडबुडे थांबले की पुन्हा पहिल्यापासून.

सारी खुबी गालांत आहे. छातीतला वारा सरत आला की गाल फुगवून थोडा साठा करायचा, जिभेच्या मुळाने घशाची वाट बंद करायची, आणि गालांनी तो वारा पातीत लोटता लोटता नाकाने झटकन श्वास ओढायचा. साठा क्षणा-दोन क्षणांचा. आपल्या पेटीतही हेच आहे. हातातला भाता मागे येतो तेव्हा आतला भाता सूर सांभाळतो.

आम्ही पोथीपंडित, विचारले, "काका, हा कुंभकच ना?" ते म्हणाले, "शास्त्रीबोवा, इथं कोंडलं की सूर मेला. सोडता सोडता घ्यायचं."

काड साधले, सनई साधली नाही. गालांवरून छातीवर येताना सूर हिसका खाई. पुढे परीक्षा आली आणि आम्ही सोडून दिले. खरे सांगतो, परीक्षा निमित्त होते. सूर धरणाराला कोणी ओळखत नाही, हे आमच्या ध्यानी आले होते.

परवा कीर्तनानंतर एक माउली म्हणाल्या, "महाराज, सासूबाई अंथरुणावर, पोरं लहान. जपाला बसले की हाक येते, नाम तुटतं. मग वाटतं, बसलेच कशाला?" पहाटे लवकर उठा, असे आम्ही सांगणारच होतो. सांगायला आमचे काय जाते? उठणार त्या! मग गुरवकाका आठवले. म्हटले, "माउली, कामाची आणि नामाची पाळी लावू नका. हाक आली तर उठा. सासूबाईंची कूस वळवताना नाम गालातल्या वाऱ्यासारखं चालू द्या. पालटताना हिसका बसेल. बसू द्या, पुन्हा धरा." हे सांगताना आम्हाला लाजच वाटली. कीर्तनात चाल रंगली की आमचेच नाम सुटते.

त्या हसल्या. म्हणाल्या, "आधी पोरांनाच देते काड फुंकायला."

पुढच्या एकादशीला त्या आल्या नाहीत. सासूबाईंचे दुखणे वाढले, असे कळले. देवळातून निघताना आम्ही नगारखान्याखाली थांबलो. सूर धरणारा पोरगा नवा आहे, मिसरूडही फुटलेले नाही. मधेच त्याचा सूर हिसका खाई आणि पुन्हा लागे. चौघडा संपेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.