भिंतीवरचे वचन

शास्त्रपाठ : मत्तय ७:१२

हे वचन आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलांनाही मुखपाठ असते. इंग्रजीत त्याला 'गोल्डन रूल' म्हणतात. अमेरिकेच्या ओहायो राज्यात टोलेडो शहरी सॅम्युएल जोन्स या कारखानदाराने ते आपल्या कारखान्याच्या भिंतीवर लावले. भिंतीवर वचन आपणही लावतो, पुष्कळदा कॅलेंडरावर छापून येते म्हणून!

जोन्स यांचा जन्म १८४६ साली वेल्समध्ये, गरीब घरी झाला. तीन वर्षांचे असताना आईबापांनी त्यांना अमेरिकेस नेले. शाळा थोडीच झाली. तेलाच्या विहिरींवर मजुरी करीत ते पुढे आले आणि १८९४ साली त्यांनी तेल उपसण्याच्या पंपांचे दांडे बनविण्याचा कारखाना काढला. तो मंदीचा काळ होता; कामासाठी माणसे दारोदार फिरत होती. अशा वेळी मजुरी कापणे सोपे होते. जोन्स यांनी आठ तासांचा दिवस ठरविला आणि पगारी रजा दिली. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या बाईला आपण भरपगारी रजा देतो काय, हे वर्गात मुलांनी विचारले तर शिक्षकांनी रागावू नये.

१८९७ साली ते महापौर झाले. १८९९ साली पक्षाने उमेदवारी नाकारली, तरी अपक्ष उभे राहून सुमारे ७० टक्के मते मिळवून ते निवडून आले. त्यांनी पोलिसांचे दंडुके काढून हलक्या काठ्या दिल्या. न्यायाधीश नसताना त्यांच्या जागी बसून ते दारुडे, भटके, पतित स्त्रिया यांना सोडून देत. पुढे विधिमंडळाने महापौराचा तो अधिकारच काढून घेतला.

गावातील पुष्कळ पाळक त्यांच्या विरुद्ध होते, कारण ते दारूचे गुत्ते बंद करीत नसत. या बाबतीत आम्ही पाळकांच्याच बाजूचे. दारूने धुळीस मिळालेली ख्रिस्ती घरे आम्ही पाहिली आहेत. पण एक गोष्ट मनातून जात नाही. रात्री पकडलेला दारुडा सकाळी न्यायासनासमोर उभा राहिला, तर तेथे कोण बसलेले असावे असे त्याला वाटत असेल? पाळक की जोन्स? आणि प्रभू येशू ख्रिस्ताजवळ जकातदार व पापी लोक येत, तेव्हा कुरकुर कोण करीत होते?

१२ जुलै १९०४ रोजी जोन्स पदावर असतानाच वारले. अंत्यविधीस हजारो लोक जमले होते.