निवडलेले आणि छाटलेले

आषाढी आटोपून शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परतू लागली की मेहकरनंतर जानेफळ लागते. पुढे शिर्ला, आवार, खामगाव आणि मग शेगाव. साऱ्या वारीतला एवढाच टप्पा जानेफळच्या वाट्याला येतो. पण सगळी वाट चालला नाही म्हणून तिथल्या माणसाचे दर्शन अपुरे, असे कोणी वारकरी म्हणणार नाही. कलेच्या बाबतीत मात्र आपण कडक होतो. पिंक फ्लॉइडचा 'एकोज' हा निवडक गाण्यांचा संग्रह २००१ साली आला. अशा संग्रहांवर दर्दी श्रोत्यांचा आक्षेप ठरलेला असतो: या बँडचे अल्बम सलग ऐकायचे असतात, त्यांतून गाणी उचलणे म्हणजे अखंडाचे तुकडे करणे. आक्षेप संगीताचा असला तरी त्याच्या मुळाशी अंश आणि पूर्ण यांचा जुना प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की निवडण्याने पूर्णत्व भंगत नाही, छाटण्याने भंगते. आणि या दोन क्रियांची आपण गल्लत करतो.

भक्तिपरंपरा निवडीवरच उभी आहे. तुकोबांच्या गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. भजनाला बसलेली मंडळी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणत नाहीत. काकड्याचे अभंग वेगळे, वारांचे वेगळे, गौळणींची जागा वेगळी. हा क्रम कवीच्या चरित्राचा नव्हे, साधनेचा आहे. १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि ती रागांनुसार विभागलेली आहेत. पंढरीची वाणी पंजाबात रुजली ती अशा निवडीतून. मात्र पद घेतले ते अख्खे घेतले.

या कसोटीवर 'एकोज' अर्धा उतरतो. दोन तबकड्यांवरची २६ गाणी सालवारीने लावलेली नाहीत. एक गाणे सरता सरता दुसऱ्यात मिसळते. हा ढीग नव्हे, ओवलेली माळ आहे. पण ज्या रचनेचे नाव संग्रहाला दिले, तीच इथे कापली आहे. १९७१ च्या 'मेडल'मध्ये ती तबकडीची अख्खी दुसरी बाजू व्यापते, तेवीस मिनिटांहून अधिक. इथे ती सोळा-सतरा मिनिटांत आटोपते. त्या रचनेत मध्यंतरी सूर हरवतो, नुसते चीत्कार उरतात, आणि मग तो हळूहळू परततो. त्या परतण्याची किंमत हरवण्यात गेलेल्या वेळाने ठरते. तो वेळ कमी केला की परतणे फुकटचे होते.

कोणी म्हणेल, खुद्द बँडची संमती असताना तक्रार कसली? शिवाय हाच बँड २०१० मध्ये लंडनच्या न्यायालयात भांडला आणि जिंकला: परवानगीवाचून अल्बममधली सुटी गाणी विकायची नाहीत. पण संमतीने कापायचा अधिकार कोणाचा ते ठरते. कापून उरले ते पूर्ण आहे की नाही, हे ठरत नाही. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीतले अपपाठ दूर केले आणि पुढच्यांना आपली ओवी त्यात घालू नका असे बजावले. ग्रंथ त्यांच्या मालकीचा नव्हता. ते पाठाला बांधील होते. दुसरा आक्षेप असा की पदे मोक्षासाठी निवडली जातात, गाणी विक्रीसाठी. पण हरिपाठाची पुस्तिकाही पंढरपूरच्या दुकानात पैसे मोजूनच मिळते, आणि त्याने हरिपाठ उणा होत नाही. हेतूपेक्षा, हाती आलेले आपल्या पायावर उभे राहते का, हे पाहावे. ईशोपनिषदाचा शांतिमंत्र पूर्णातून काढून घेण्याविषयी बोलतो, पण तिथे काढलेलेही पूर्णच असते. तुकड्याला तो अभय देत नाही. जानेफळात येते ती पालखी टाळ-पताकांसह सगळीच्या सगळी येते. गावागावांनी वाटून घेतलेली असते ती फक्त वाट.